स्प्रिंग वॉशर

मी फिटर. आकाशातलं मला काही कळत नाही, आणि कळतं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही. आमच्या शास्त्रज्ञ बाई सोडून.

बाईंचं यंत्र विश्वाचा अगदी पहिला उजेड पकडायचं. तो आता इतका थंडावलाय की डोळ्यांना दिसत नाही, रेडिओसारखा पकडावा लागतो. यंत्र एकदा आकाशाकडे बघतं, एकदा आतल्या थंड डब्याकडे. डबा किती थंड ते ठाऊक असलं की आकाश किती थंड ते कळतं. म्हणजे सगळी भिस्त डब्यावरच्या थर्मामीटरवर, आणि इथेच घोडं पेंड खातं.

नऊ वर्षांपूर्वी यंत्र जोडून झाकण लावलं, तेव्हा थर्मामीटर डब्याला धरणारा स्क्रू बाईंनी स्वतः आवळला. आमच्याकडे रीतच होती: शेवटचा स्क्रू मुख्य माणसाने आवळायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. संध्याकाळी टेबल पुसताना मला स्प्रिंग वॉशर सापडला. मीच काढून ठेवलेला, टाळ्यांच्या नादात द्यायचा विसरलेला. थंडीत पितळ आकसतं, आणि वॉशर नसला की स्क्रू ढिला पडतो. पण यंत्र गार व्हायला लागलं होतं. परत गरम करून उघडायचं, पुन्हा गार करायचं, म्हणजे दोन महिने. बाई किती खुशीत होत्या! म्हटलं, एवढ्याशा चकतीने काय आभाळ कोसळणार आहे? वॉशर खिशात टाकला.

पुढे बाईंना आकाश अपेक्षेपेक्षा किंचित गरम सापडलं. केवढा गाजावाजा झाला! वॉशर माझ्या कपाटात. बायको साफसफाई करताना विचारायची, "हा कसला?" मी खेकसायचो. "विश्वाचा जन्म मोजता म्हणे, आणि घरचा नळ गळतोय," ती म्हणायची. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, हिला सगळं कळलंय.

गेल्या महिन्यात दुसऱ्या गटाने छापलं की आकाश गरमबिरम काही नाही. बाईंना रिटायर व्हायला जेमतेम महिना उरलेला, त्यानंतर यंत्र भंगारात जाणार. बाई चवताळल्या. "मिस्तरी, उघडा यंत्र. फोटो काढून त्यांच्या तोंडावर मारते. तो स्क्रू मी माझ्या हाताने आवळलाय."

यंत्र गरम व्हायला तीन आठवडे लागले. आज सकाळी कपाटातला वॉशर खिशात टाकून निघालो.

आज दुपारी उघडलं. बाईंनी नुसतं बोट लावलं, थर्मामीटर लटपटला.

त्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे हा डब्याचं नाही, स्वतःचंच तापमान सांगत होता. आकाश गरम नव्हतंच." त्यांनी आपला तळहात बघितला. "माझाच हात हलका पडला हो, मिस्तरी. चूक माझी, असं उद्या कळवून टाकते."

गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. देवाशप्पथ, गप्पच राहणार होतो. पण हात खिशात गेला. वॉशर टेबलावर ठेवला आणि सगळं ओकलो.

वाटलं, ओरडतील. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्यांनी वॉशर उचलला, स्क्रूवर चढवला, आवळला. थर्मामीटर घट्ट बसला.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमचे दोन महिने वाया गेले असते, बाई."

"दोन महिने," त्या म्हणाल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्यांनी बघितलं. "आता एक आठवडा आहे माझ्याकडे."