एका ड्रमचे दोन हौद

राजुरीच्या सावळारामला कुतूहल वाटायला कारण लागत नसे. शेजाऱ्याच्या म्हशीनं आज दूध कमी का दिलं इथपासून चंद्रावर पाठवलेल्या यंत्राला गंज चढतो का इथपर्यंत त्याला सगळं जाणून घ्यायचं असे. नुसतं विचारून त्याचं समाधान होत नसे, मोजूनही बघावं लागे. चहाच्या टपरीवर तो येताना दिसला की शहाणी माणसं आपला कप लवकर संपवत.

टोमॅटोनं लागोपाठ दोन वर्षं हात दिला आणि मळ्यातल्या जुन्या घराशेजारी त्याचा नवा बंगला उभा राहिला. स्लॅब पडला, तीन बाजूंच्या भिंती चढल्या, आणि नेमकं त्याच सुमारास, ऐन थंडीत, त्याच्या बायकोच्या, शीलाच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी फोटो काढले, गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "रोज अर्धा तास पाण्यात चाला. पोहता येत असेल तर फारच छान. पाण्यात अंगाचा भार गुडघ्यावर पडत नाही."

"मंग पूलच करू की घरी!" मुलगा अमृत म्हणाला. तो चाकणच्या कंपनीत होता, रविवारी घरी यायचा आणि येताना एखादी तरी खर्चाची कल्पना घेऊन यायचा. ही मात्र सगळ्यांना पटली.

भांडण लागलं ते पूल आत करायचा की बाहेर यावर. धाकटी हर्षाली अवसरीच्या कॉलेजात सिव्हिलला होती. तिनं दोन नकाशे काढले. एकात पूल बंगल्याच्या मागच्या मोठ्या खोलीत, छपराखाली. दुसऱ्यात पुढच्या अंगणात, उघड्यावर. आतल्याला दमटपणा फार, भिंतींचे पोपडे निघणार, वाफ बाहेर काढायला पंखे लागणार. बाहेरच्यात पालापाचोळा पडणार, ऊसतोडीनंतर पाचट पेटवलं की काजळी येणार, जाळी घेऊन रोज साफ करावं लागणार. अमृतला बाहेरचा हवा होता. कडेनं हिरवळ, पाण्यात निळे दिवे, मित्र आले की फोटो.

"आत," सावळाराम म्हणाला. "तुमच्या आईला लाज वाटंल. येणारीजाणारी माणसं काय म्हणतील? आत म्हंजी आत."

आईच्या लाजेपुढे निळे दिवे काय टिकणार! तरी रीत म्हणून सावळारामनं शीलाला विचारलं. ती तेव्हा धर्माजी मिस्त्रीला चहा देत होती.

"काय गं, कुठं करू पूल?"

"कुठंबी करा. मला काय!" शीला म्हणाली आणि रिकामी कपबशी घेऊन आत गेली.

धर्माजीनं मान डोलावली. मागच्या खोलीची चौथी भिंत अजून उठवायची होती, जेसीबी आत जायला वाट होती. रविवारी खड्डा घ्यायचा असं ठरलं.

आता खरं सांगायचं तर सावळारामच्या "आत" मागं शीलाची लाज थोडी आणि त्याची स्वतःची जास्त होती. अठ्ठावन्न वर्षांच्या, दोन विहिरींच्या या मालकाला पोहता येत नव्हतं. लहानपणी एकदा तो विहिरीत पडला होता. भिका नावाच्या सालगड्यानं त्याला केसाला धरून वर काढलं, आणि तेव्हापासून त्यानं पाण्यात पाय घातला नव्हता. भिका कुणाला बोलला नाही आणि यथावकाश वारलाही. अंगणात पूल झाला की पहिल्याच रविवारी अमृत म्हणणार, "अण्णा, मारा उडी!" आणि निम्मं गाव बघायला उभं असणार. आत पूल असला की दार लावून घेता येतं.

पण त्या रात्री जेवताना त्याला शीलाचं "कुठंबी करा" आठवलं. बारा वर्षांपूर्वी गुरांचा गोठा कुठं बांधू म्हणून विचारलं होतं, तेव्हाही ती "कुठंबी बांधा" असंच म्हणाली होती. त्यानं गोठा स्वयंपाकघराच्या खिडकीमागं बांधला. पुढे आठ दिवस त्या घरात पिठल्याशिवाय दुसरं काही शिजलं नव्हतं. म्हणजे तिच्या "कुठंबी"ला एक ठरावीक जागा असते, फक्त ती जागा ती सांगत नाही. ती जागा कोणती, हे रविवारच्या आत शोधायला हवं होतं. एकदा खड्डा पडला की तो उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

सरळ विचारावं, हे त्याला सुचलं नाही. नवं बियाणं आधी एका सरीत लावून बघायचं, मग रान भरायचं, ही त्याची शेतीची रीत. तीच त्यानं इथं लावली. फवारणीचा निळा ड्रम उभा चिरून त्याचे दोन भाग केले. एक मागच्या खोलीत छपराखाली मांडला, दुसरा अंगणात. एकाच ड्रमचे दोन हौद, म्हणजे भेदभाव नको. मंगळवारी संध्याकाळी दोन्ही काठोकाठ भरले आणि आतल्या बाजूला कोळशानं रेघा मारल्या.

"ह्ये काय चाललंय?" शीलानं विचारलं.

"परयोग," सावळाराम म्हणाला. "कुठलं पाणी टिकतंय ते बघायचं."

शीलानं नुसतं वेलाच्या मांडवाकडं बघितलं. त्या मांडवावर दोन गोल भोपळे थंडीपासून वाळत लोंबत होते. तिनं ते तोडू दिले नव्हते. सावळारामनं तेव्हाही चौकशी केली होती, "बियाला?" ती "हं" म्हणाली होती. बियाला एक भोपळा पुरतो, दोन कशाला, हा प्रश्न त्याच्या डोक्यात अजून तसाच पडून होता.

त्या आठवड्यात मोटरीला लाइट दिवसाची होती. सावळाराम सकाळी आठला कांद्याला पाणी द्यायला जाई तो चारला परत येई, आणि आल्याआल्या पायही न धुता रेघा बघे, मग दोन्ही हौद पुन्हा काठोकाठ भरे. बुधवारी आतलं पाणी अर्धं बोट उतरलं होतं. बाहेरचं एक बोट उतरलं होतं, त्यावर काजळीचे काळे तुकडे होते आणि एक मधमाशी मरून पडली होती. हे त्याच्या अंदाजाप्रमाणेच होतं. गुरुवारी आत पुन्हा अर्धं बोट. बाहेर मात्र चार बोटं! आणि काजळी कुणीतरी अलगद काढून टाकल्यासारखी पाणी स्वच्छ.

सावळारामला मनापासून आनंद झाला. ऊन तेच, वारा तोच. मग तीन बोटं पाणी गेलं कुठं?

"बाहेरच्या ड्रममधलं पाणी कुत्रं पितंय का गं?" त्यानं विचारलं.

"पीत असंल," शीला लसूण सोलता सोलता म्हणाली.

"येवढं? का वाघ येतो पाण्याला?" आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. ऊस तुटला की तो पाण्याच्या वासानं वस्तीकडं सरकतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"येत असंल," शीला म्हणाली. वाघ येत असेल म्हणून शांतपणे लसूण सोलणारी बाई बघून त्याचं कुतूहल आणखीच वाढलं.

वाघ आला की नाही हे बघायची इकडची पद्धत सोपी आहे. शुक्रवारी सकाळी सावळारामनं घमेलंभर माती चाळणीनं चाळली आणि बाहेरच्या ड्रमभोवती हातभर रुंद पसरली. जो कुणी येईल त्याचा पाय उमटल्याशिवाय राहणार नव्हता.

चार वाजता तो धापा टाकत आला. पाणी पुन्हा चार बोटं खाली. मातीत पाय उमटले होते, पण वाघाचे नाहीत, कुत्र्याचेही नाहीत. माणसाचे, अनवाणी. जाताना कोरडे, येताना ओले. लहान पाऊल, डावी टाच बाहेरच्या अंगाला जास्त रुतलेली, अंगठ्याशेजारच्या बोटाशी जोडव्यानं पाडलेली फट. सावळाराम उकिडवा बसून बघत राहिला. हे पाऊल त्यानं तीस वर्षं पाहिलं होतं. कांदा लावताना चिखलाच्या वाफ्यात त्याच्यापुढं हेच पाऊल एकेक वीत मागं सरकत असे. आपण हे ओळखतो, हे मात्र त्याला आजच कळलं आणि उगाचच भरून आलं.

त्यानं माती हातानं सारखी केली.

शनिवारी आठला तो निघाला, मोटर चालू केली आणि अकराला बांधाबांधानं परत येऊन कडब्याच्या गंजीमागं लपला. साठीला आलेला माणूस स्वतःच्या अंगणात चोरासारखा बसला होता आणि कडब्याची कुसळं मानेला टोचत होती. थोड्या वेळानं शीला बाहेर आली. तिनं रस्त्याकडं बघितलं, हर्षालीच्या जुन्या ओढणीच्या फडक्यानं पाण्यावरची काजळी गाळली, लुगडं सावरलं आणि ड्रममध्ये बसली. पाय पलीकडच्या काठावरून बाहेर. मग हळूच मागं कलली, कान पाण्यात बुडेपर्यंत. चेहरा तेवढा वर. दोन्ही हात पाण्याखाली वल्ह्यासारखे सावकाश हलत होते आणि डोळे थेट आभाळात होते. ती हसत होती. कुणासाठी नाही, आपली आपणच.

सावळारामला कळेना आपण काय बघतोय. हातांची ती हालचाल अजाण माणसाची नव्हती. एवढ्यात एक कुसळ नाकात गेलं आणि तो सणसणीत शिंकला.

"या भाईर," शीला न उठता म्हणाली. "कडबा काय शिंकत न्हाई."

तो अंग झटकत पुढं आला. "तुला पवता येतं?"

"घोडेगावापल्याड माझ्या म्हायेरी समद्या पोरींना येतं. बापानं पाठीला भोपळा बांधला आन दिलं हिरीत सोडून. आठ दिसात भोपळा सुटला." ती पाण्यातच बोलत होती. "पार ऊन कलंपत्तुर पाण्यावर उताणी पडायची मी. हिरीतनं आभाळ येवढं गोल दिसतं बघा, ताटायेवढं. लगीन झालं आन सुटलं समदं. सासरच्या हिरीत सून कशी पडंल?"

"मंग त्या दिशी बोलली का न्हाईस? इचारलं व्हतं की मी!"

"मिस्त्रीसमोर इचारलंत. कपबशी हातात घिऊन काय सांगू, मला उघड्यावर पाण्यात पडायचंय म्हणून? आन तुमी तर आधीच ठरावलं व्हतं, आईला लाज वाटंल." शीला उठून बसली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "आतल्या ड्रमच्या काठाशी बी बसून बघितलं मी पयल्या दिशी. वर बघितलं तर स्लॅब. चालाया बरं हाय तिथं, गुडघ्याला पुरंल. पर मला नुस्तं चालायचं न्हाई वो."

सावळाराम ड्रमच्या काठाशी, चाळलेल्या मातीतच बसला. मग तो म्हणाला, "तुझ्या लाजेपायी न्हाई म्हणलो मी आत. मला… म्हंजी माझं असं हाय की…"

"तुमाला पवता येत न्हाई."

"कुणी सांगितलं?" सावळाराम दचकला. "भिका बोलला व्हता?"

"भिका कशाला बोलंल? तीस वर्सं झाली बघती मी. मोटर हिरीत सोडायची असली की तुमी दहा हात लांब उभं राहून वरडता. काठावर कधी आलाव?"

एवढं मोजमाप करणारा माणूस, पण आपलंही कुणी इतकी वर्षं मोजत असेल हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी जेसीबी आला तेव्हा अंगणात चुन्याच्या फक्कीनं लांबरुंद चौकोन आखलेला होता. धर्माजी मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "भाऊ, आत ठरलं व्हतं न्हवं?"

"ठरलं व्हतं. पर ज्याला पवायचंय त्याला नीट इचारायचं ऱ्हायलं व्हतं," सावळाराम म्हणाला.

अमृतनं चकित होऊन आईकडं बघितलं. शीलानं पदर खोचला आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर स्वच्छ आवाजात सांगितलं, "निळं दिवं नगंत. आन वर पत्रा न्हाई, कापड न्हाई, कायबी न्हाई."

"आई, रस्त्याच्या बाजूनं पुरुषभर उंच भिंत घेऊ, भिंतीवर तारेची जाळी. माणसांची नजरही अडेल आणि वाघही," हर्षाली म्हणाली. इतका सोपा उपाय कुणालाच आधी सुचला नव्हता, कारण कुणी शोधलाच नव्हता.

मे महिन्यात पूल भरला. पहिल्या दिवशी शीला पायऱ्यांवरून लंगडत उतरली आणि पाण्यात गेल्यावर तिचं लंगडणं थांबलं. दोन हात मारून ती मधोमध गेली, उताणी झाली आणि तशीच पडून राहिली. ताटाएवढं नाही, चांगलं रानभर आभाळ होतं. सावळाराम दहा हात लांब, भिंतीला टेकून बघत उभा होता.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, ओल्या अंगानंच मांडवाकडं गेली आणि वाळून खडखड झालेले ते दोन भोपळे तोडून घेऊन आली. त्यांना सुंभाची दोरी बांधली, सावळारामच्या पाठीशी उभी राहिली आणि बगलेखालून दोरी घेऊन छातीवर करकचून गाठ मारली.

"ह्ये बियाला ठिवलं व्हतंस ना?" सावळारामनं विचारलं.

"तुमचं वजान बघून दोन ठिवलं," शीला म्हणाली. "बी काढू की मागनं. आधी तुमी तरंगा."