बाईंपर्यंतची दोनशे पावले

"खांबाला पाठ टेकून उभं राहा. उगवतीकडे तोंड करा. आता दोनशे पावलं मोजा. ढांगा टाकू नका हं, बाई हळू चालायच्या."

मित्रांनो, हा वर्लीन मावशींचा आवाज. मी एक जुना फलक आहे, अलाबामातल्या मोझली क्रॉसिंग गावच्या रस्त्याकडेचा. ॲल्युमिनियमचा रस साच्यात ओतून मला घडवले, उठावाची अक्षरे सोनेरी रंगवली. 'येथून पूर्वेस दोनशे पावलांवर मिस अल्थिया पेटवे यांची शाळा होती. त्या तेथेच विसावल्या आहेत.' एवढेच माझे बोलणे. शाळा कधीच पडली. बाईंच्या कबरीवर नावाचा दगड नाही, गवतात नुसते पांढरे शिंपले मांडलेले. ती सापडायची ती माझ्यामुळे.

मावशी त्या शाळेच्या शेवटच्या विद्यार्थिनी. सकाळची प्रार्थना झाली की ओले फडके घेऊन यायच्या आणि देव्हारा पुसावा तशी माझी अक्षरे पुसायच्या. ऑगस्टात चर्चचा मेळावा भरे. त्याच्या आधी त्या मुलांना घेऊन पावले मोजत कबर झाडायला जात. ते माझे सुखाचे दिवस.

मग रस्ता रुंद करायला निघाला. मुकादम ड्यूई याने मला उपटून तीनशे पावले पुढे, टायरच्या दुकानाशेजारी रोवले. काम संपल्यावर परत न्यायचे होते. ते राहूनच गेले.

आता माझे वाचून लोक दोनशे पावले चालत आणि दुकानामागच्या टायरांच्या ढिगाला नमस्कार करून येत. दुकानदार म्हणे, "रोज कुणीतरी शाळा विचारतं. मी सांगतो, पंक्चर काढून देईन, पाढे नाही शिकवणार."

मला खोटे बोलायला लागत होते, मित्रांनो. त्याहून वाईट काय असते?

मावशी मात्र माझ्याकडे येईनात. सरळ रस्त्यावर मला लांबून दिसे, की त्या रोज सकाळी माझ्या जुन्या जागी जातात आणि थोडा वेळ नुसत्या उभ्या राहतात. ऊन असो, पाऊस असो, एक दिवस चुकला नाही.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात त्या ड्यूईला घेऊन माझ्यापाशी आल्या.

"मावशी, फलक तो फलक. वाचता येतोय ना?"

"फलक सरकवलास, मग बाईंनाही सरकव."

ड्यूई हसला. त्या हसल्या नाहीत.

"सोमवारी लेकीकडे चाललेय, कायमची. गुडघे संपले रे. मग तिथं कोण उभं राहील?"

ड्यूईने डोक्यावरची टोपी काढली.

"मेळाव्याच्या आत नेतो, मावशी."

"शब्द दिलास हं."

मित्रांनो, मला रंग नसला तरी चालेल. पाखरे घाण करतात, तीही करोत. पण कुणाची वाट दाखवणारे काही हलवलेत, तर ते पुन्हा जागेवर ठेवा. आणि जाता-येता एकदा त्या वाटेने चालूनही पाहा.

शनिवारी, गवतावर दव असतानाच, ड्यूई एकटा आला. मला उपटून त्याने खांद्यावर घेतले. जुन्या जागी गवत गुडघाभर वाढले होते. त्यात दोन पावलांएवढी जमीन मात्र उघडी, घट्ट तुडवलेली होती. त्याला काही शोधावे लागले नाही. तिथेच त्याने मला रोवले, माती ठोकून बसवली.

मग माझ्या खांबाला पाठ टेकून तो उगवतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि बारीक पावले टाकत हळूच मोजू लागला, "एक, दोन, तीन..."