चौथऱ्यावरची होडी

म्हाताऱ्या सुताराने होडी दिली ती उसनी. पर्यटन कार्यालयाच्या साहेबाने चार माणसांत कबूल केलं होतं, "किनाऱ्यावर शोभेला ठेवतो. हंगाम संपला की तुमची तुम्हाला." मग ती लेकीची व्हायची होती. पाण्यातल्या किल्ल्यावर पाहुण्यांची ने-आण करायची, दुसऱ्याच्या होडीवर राबणं सोडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. म्हाताऱ्याचे हात आता कापायचे. नवी होडी काही त्याच्याच्याने होणार नव्हती.

हंगाम सरत आला तशी दोघं होडी आणायच्या तयारीनेच गेली. डागडुजीला लागेल म्हणून त्याने अवजारांची पिशवीही घेतली.

होडी किनाऱ्यावरच्या चौथऱ्यावर बसवली होती. अंगभर गुलाबी तैलरंग फासलेला. पुढे पाटी, 'आपला वारसा, आपला अभिमान'. आत चिप्सची पाकिटं, उष्टे कागदी पेले आणि कुणाच्या तरी पोराचा भिजलेला डायपर. अभिमान म्हणे! पण घाण धुता आली असती, रंगही खरवडता आला असता. म्हातारा वाकून खाली बघायला गेला आणि तसाच वाकलेला राहिला.

होडीच्या तळाचा कणा करवतीने सपाट कापला होता.

"डगमगत होती ना चौथऱ्यावर," मागून आलेला साहेब हसत म्हणाला. "लोक चढून फोटो काढतात. कुणी पडलं तर माझ्या गळ्यात. आता बघा कशी ठाण मांडून बसलीय!"

"ही पाण्यात जायची होती, साहेब," लेक म्हणाली.

"पाण्यात हिला बघणार कोण?"

लेकीने बापाकडे पाहिलं. "बाबा, जोडता येईल?"

"नाही गं. कणा जोडून समुद्रात नेत नाहीत. तुला तर नाहीच नेऊ देणार."

डोळे भरले ते तिने मनगटाने पुसले.

होडी बांधून झाली की म्हातारा पुढच्या टोकाला तीन पाकळ्या कोरायचा. ही दगा देणार नाही, असा तो त्याचा शब्द असे. त्याने पिशवीतून पटाशी काढली, चौथऱ्यावर चढला आणि आपली खूण तासून काढायला लागला. त्याला त्या साहेबाची, त्या रंगाची, होडी देणाऱ्या स्वतःच्या हातांची किळस आली होती.

लोक जमले. मोबाइल वर झाले. एका बाईने खाली पडलेली ढलपी उचलून पर्समध्ये टाकली. साहेबाला वाटलं, म्हातारा कसब दाखवतोय. त्याने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

"वा, आजोबा! लोकांना आवडतंय हो. रोज संध्याकाळी येऊन करता येईल का?"

पाकळ्यांच्या जागी आता कोरं लाकूड होतं. म्हाताऱ्याने त्यावरचा भुसा फुंकला.

"एकदाच करता येतं," तो म्हणाला.