गुरुजींना कवाड दिसतं कसं?

तैवानमधल्या आमच्या लुगांग गावच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. लिआओ गुरुजींनी दिलेल्या दिवशीच आणखी एक बाळ जन्मलं होतं! सासवा पोटुशा सुनांना पुढे ढकलत होत्या. गुरुजी पोटासमोर उदबत्ती फिरवत आणि डोळे मिटून सांगत, "कवाड उघडलंय, परवाचा दिवस घ्या," नाहीतर, "जीव अजून वाटेत आहे, थांबा." दिलेल्या दिवशी कळा आणायला सुना माझ्या दवाखान्यात येत, आणि दर वेळी औषध लागू पडे.

देवळात जाण्याआधीच या सुना माझ्याकडे तपासून गेलेल्या असत. कळा आणायच्या की नाही हे ठरवायला मी आतून तपासते. गर्भाशयाचं तोंड मऊ झालंय का, किती उघडलंय, बाळाचं डोकं कुठवर आलंय. तयारी नसताना घाई केली, तर बाई तळमळत राहते आणि शेवटी पोट फाडायची वेळ येऊ शकते. मला बोटांनी कळतं ते या बुवाला उदबत्तीनं कळतं? हात्तिच्या!

तपासताना खोलीत पेशंटखेरीज दोघीच असायचो, मी आणि नर्स मेइ-श्योताई. माझ्या बाळंतपणात माझा हात धरून बसलेली ताई. तिच्यावर संशय घ्यायचीही लाज वाटली मला.

दिवस भरत आलेल्या यी-च्युनला मी तपासणीआधीच बेत सांगितला. "करा बाई," ती म्हणाली, "सासूबाईंनी डोकं खाल्लंय माझं." तपासलं, तर तिच्या गर्भाशयाचं तोंड घट्ट बंद होतं. मी मात्र ताईला म्हटलं, "वा! लोण्यासारखं मऊ, छान उघडलंय." खरं काय ते यी-च्युनला नंतर एकटीला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी तिच्या सासूबाई तिला घेऊन धावत आल्या. "गुरुजींनी परवाची पहाट दिलीय! कळा आणा!"

मी सासू-सुनेला घेऊन थेट देवळात गेले. "गुरुजी, हिचं कवाड?"

"कमळासारखं उमललंय, पोरी!"

"बंद आहे. उघडल्याची थाप मी काल मारली, तीही एकाच माणसाला."

"ग्रह फिरले," गुरुजी पुटपुटले.

"एका रात्रीत?" यी-च्युननं विचारलं. लोक हसायला लागले. मला हसू येईना.

"लोकांना धीर मिळत होता हो," ताई दवाखान्यात म्हणाली. "कुणाचं वाईट झालं का?"

"बायका तुझ्यासमोर लाज बाजूला ठेवत होत्या. त्यांच्या आतलं तू त्या बुवाला सांगितलंस? केसानं गळा कापलास गं माझा!" मी रडले. तिनं ॲप्रन काढून ठेवला आणि ती निघून गेली.

यी-च्युनला पंचांगातल्या अशुभ दिवशी आपोआप कळा आल्या आणि धडधाकट मुलगी झाली. ताईची जागा रिकामी होती.

"आता विश्वास ठेवायचा तरी कुणावर?" सासूबाईंनी विचारलं.

"डोळे मिटून कुणावरच नको. माझ्यावरही नको. कुणी छातीठोकपणे काही सांगितलं, की आधी विचारायचं, तुम्हाला हे कळलं कसं?"

"मग सांगा," त्या म्हणाल्या, "बंद की उघडं, हे तुम्हाला कळतं कसं?"

मी खुर्ची ओढली आणि सांगायला बसले.