श्रीलंकेची सहल

टेमघरच्या सायबर कॅफेत धम्मदिनाने ऑर्कुट उघडलं, तर एका अनोळखी माणसाचा निरोप आला होता: 'अभिनंदन! दोघांसाठी श्रीलंकेची सहल जिंकलात. बँकेच्या कार्डाचा नंबर आणि पिन आजच कळवा.'

घरी येऊन तिने आईला सांगितलं. भाजी निवडता निवडता मंदाबाईंचे हात थांबले. श्रीलंकेतल्या अनुराधापूरचा बोधिवृक्ष त्यांना समोर दिसू लागला. पानं सळसळत होती, पांढऱ्या साडीत त्या अनवाणी चालत होत्या, आणि शेजारच्या पॉवरलूमची खडखड लांबच्या समुद्रासारखी ऐकू येत होती.

मग त्या म्हणाल्या, "पण दिना, तू नाव कुठे दिलं होतंस?"

"कुठेच नाही."

"मग निघालं कसं? आणि बक्षीस देणाऱ्याला आपला पिन कशाला हवा?"

धम्मदिनाने मैत्रिणीला, रुचिकाला फोन लावला. तिलाही शब्दन्‌शब्द तोच निरोप आला होता.

"काही पाठवू नकोस गं," धम्मदिना म्हणाली, "फसवताहेत."

फोन ठेवून ती हिरमुसून बसली. मंदाबाईंचा चेहरा मात्र अजून उजळलेलाच होता.

"उद्या तो निरोप पुसून टाक," त्या म्हणाल्या, "आणि पासपोर्ट कुठे काढतात, तेवढं विचारून ये."