गरम गादी

मी एक जुनी व्हॅन आहे, असं म्हटलं की लोक आधी विचारतात, "पळालीस किती?" मित्रांनो, पळाले पुष्कळ. पण माझ्या पोटात कुणी काय ठेवलं, ते मला जास्त पाठ आहे.

तरुणपणी मी शिरवळच्या एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करायची. तेव्हा मला रोज धुवायचे, दसऱ्याला झेंडूचा हार घालायचे. सीट फाटल्या, हारही थांबला. दोन वर्षं मी कुंपणाला टेकून उभी होते. मग हुसेन पिंजारी आला. त्याने सीट काढून मागे कापूस पिंजायचं यंत्र बसवलं आणि मधे एक फळी टाकली. फळीवर तो आणि त्याची बायको दिलशाद झोपायची, फळीखाली भांडी झोपायची. झाला संसार.

तेव्हापासून आमचं गाव रोज बदलतं. आज कुंडल, उद्या तासगावच्या बेदाणा शेडमागे. कुणी पाणी देतं, कुणी कुत्रं सोडतं. जागा सपाट मिळाली तर झोप, नाहीतर दोघं एकाच कुशीला घसरतात. दिलशाद सगळ्याला सरावली. दोन नियम मात्र तिने मोडू दिले नाहीत. चूल माझ्यापासून वीस पावलं लांब, आणि कापूस यंत्रात जायच्या आधी तिच्या बोटांखालून जाणार.

कारण गादीत माणसं काय ठेवत नाहीत! सुया, आकडे, कपाटाच्या किल्ल्या. सुनेवर संशय असलेल्या सासवांच्या गाद्या तर हमखास जड. सापडलेलं लोखंड ती माझ्या दाराला टांगलेल्या डब्यात टाकायची. लोखंड यंत्राच्या दातांवर आपटलं की ठिणगी पडते.

तासगावची साळूबाई जुनी गादी पिंजून घ्यायला आली, त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलं होतं. शेडवर ताडपत्री ओढायला माणसं धावत होती.

"आवरा की रं! सांच्याला माझा शिवतेज येतोय. लय दिसांनी फौजेतलं पोरगं गादीवर झोपंल."

"आजी, आत लोखंड-बिखंड न्हाई न्हवं?" दिलशादनं विचारलं.

साळूबाईनं आभाळाकडं बघितलं. "कापसात कापूसच आसंल की, बाई!"

तेवढ्यात थेंब पडले. दिलशाद वाळत घातलेल्या खोळी काढायला पळाली. हुसेननं कापूस तसाच यंत्रात लोटला.

टक्.

"काय वाजलं वो?"

"पट्टा आसंल. तू खोळ आण."

मित्रांनो, कापसातली आग ओरडत नाही. धूरही दाखवत नाही. आतल्या आत खात राहते. दोघांनी गादी शिवली, माझ्यात घातली, साळूबाईला पुढे बसवलं आणि आम्ही तिच्या मळ्याकडे निघालो. दिलशाद गादीला टेकून बसली होती.

"आवं, गादी गरम लागतीया."

"उन्हात पडली व्हती की."

"ऊन? सकाळधरनं ऊन कुठाय?"

"मग तुझंच डोस्कं तापलं आसंल," हुसेन हसला.

ती हसली नाही. तिने टाके उसवले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. वारा लागला आणि गादी भडकली. हुसेननं ब्रेक मारला आणि गादी ओढून रस्त्यावर फेकली. माझी एक बाजू काळी पडली, पण माझं सोडा.

साळूबाई चिखलातच बसली. "घोड्याच्या नालेचा खिळा व्हता. पोराला दृष्ट लागू नये म्हणून मीच शिवला व्हता. सांगितलं की गुण जातो, म्हणून बोलले न्हाई."

दिलशादचे भाजलेले हात बरे झाले. बोटं हलतात, पण त्यांना कळत काही नाही. आता कापूस हुसेन चाचपतो. त्याच्या हाताला असे घट्टे आहेत, की सुई रुतली तरी दिलशादलाच दाखवावी लागते. डब्यात महिनाभर काही पडलेलं नाही. लोक एकदम शहाणे झाले, असं तो म्हणतो. मी माणसं पाहिली आहेत. मला पटत नाही.

मित्रांनो, गादीत काय शिवलंय ते सांगून टाकत जा. गुण गेला तर जाऊ दे.

आज सकाळी पुन्हा टक् झालं. "पट्टा आसंल," हुसेन म्हणाला. आता माझ्या पोटात तीन गाद्या आहेत. दिलशाद एकेकीवर हात ठेवून बघते, पुन्हा ठेवते. तिला कळत नाही. माझा मागचा पत्रा तापायला लागलाय.

आम्ही कुंडलच्या रस्त्याला आहोत. दिसलो, तर हात करा.