हातमोजे काढेपर्यंत

मालिकेच्या सहाव्या भागाचं वाचन चाललं होतं. लांबलचक टेबलाभोवती सगळे नट कागदात माना घालून बसलेले. सोदामनं हा भाग लिहिला खरा, पण तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. चारला पाळणाघर बंद होतं. तिच्या दीड वर्षाच्या बाळाचा, हारूचा ताप सकाळीच उतरला होता, आणि सोदामचे डोळे अजून चुरचुरत होते.

मालसुनमावशींचा प्रवेश आला. मावशी जन्मापासून बहिऱ्या. तीस वर्षं कोरियातल्या जिओन्जू शहराच्या रंगमंचावर हातांनी बोलत आलेल्या. ही सासू सोदामनं त्यांच्यासाठीच लिहिली होती. हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, भरायला सगळं घर बसलंय आणि सासू आयुष्यात पहिल्यांदा मनातलं बोलते, असा प्रसंग. चांगलं पानभर. या एका पानासाठी सोदामनं तीन वर्षं चॅनलवाल्यांचे उंबरे झिजवले होते.

मावशींनी पान वाचलं, खाली ठेवलं आणि हात हलवले. शेजारच्या दुभाषीबाई म्हणाल्या, "मावशी विचारतायत, ही सासू किमची कुठल्या हातानं भरते?"

"दोन्ही," सोदाम म्हणाली.

"मग बोलते कुठल्या हातानं?"

टेबलाभोवती हशा पिकला. सोदामचे कान तापले. चार वेळा लिहून काढलं होतं तिनं! कोबीच्या पानापानाला तिखट चोळणारे हात, आणि त्याच हातांना पानभर भाषण. तोंडानं बोलणाऱ्या बाईनं लिहिलं की असं होतं.

"सोप्पंय," दिग्दर्शक बाँग म्हणाला. "भाषण उडवू. मावशी नुसत्या रडतील. पाचपर्यंत दुसरं पान आलं तर ठीक, लेखिकाबाई. नाहीतर मी कापतो."

मावशींचे हात टेबलावर सपासप चालले. "रडणाऱ्या बहिऱ्या बायका मी पाच मालिकांत केल्यात. सहावीसाठी दुसरी कुणी बघ बाबा."

घरी आल्यावर सोदाम हारूला पेज भरवत होती. निम्मी पेज तोंडात, निम्मी सोदामच्या कोपरापर्यंत. फोन वाजायला लागला. बाँगच असणार. हारूनं वाटी उलटी केली.

"थांब की मेल्या, हात भरलेत!" ती वाजणाऱ्या फोनवर खेकसली.

फोन वाजत राहिला. तिनं नळाखाली हात धरले. मग एकेक बोट पुसता पुसता ती थांबली.

फोन तिनं उचललाच नाही. ओट्यापाशी उभ्यानंच, हारूला कडेवर घेऊन, तिनं एका हातानं लिहिलं: *सासू उठते. एकेक बोट सोडवत लाल रबरी हातमोजे काढते. तोवर कुणी काही करत नाही. सगळं घर थांबतं. मग ती बोलते.*

पाचाला दोन मिनिटं कमी असताना तिनं पान पाठवलं.

"चाळीस सेकंद नुसते मोजे?" बाँग फोनवर ओरडला. "लोक उठून जातील!"

"जाऊ देत." भांडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. "मावशींना पन्नास वर्षं सगळे 'नंतर सांगतो' म्हणून थांबवत आलेत. चाळीस सेकंद लोकांनी थांबावं."

"उद्या वाचून बघतो. घड्याळ लावणार आहे मी. जड वाटलं तर कात्री."

दुसऱ्या दिवशी मावशींनी नसलेले मोजे काढायला सुरुवात केली. करंगळी. अनामिका. वाचायला काहीच नव्हतं, त्यामुळे पानांची सळसळ थांबली. एकेक मान वर आली. शेवटी बाँगचीही. मग मावशी बोलल्या, पानभर, आणि सगळ्यांनी ते पाहिलं.

"किती सेकंद झाले?" सोदामनं विचारलं.

बाँगनं हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. कळ दाबायलाच विसरला होता. "राहू दे," तो म्हणाला.

मावशींनी सोदामला खूण केली. दुभाषीबाई हसल्या. "म्हणतायत, पोरी, आधी डावा मोजा लिही. मी डावखुरी आहे."

सोदामनं ते लिहून घेतलं. मग डोळे चोळत सातवा भाग उघडला. पहिल्याच पानावर सासू दोन्ही हातांत भाताचं पातेलं धरून सुनेशी गप्पा मारत होती.